पार्क टूल जीपी-२: दुसऱ्याच्या पंक्चरसाठी खिशात ठेवावी अशी डबी

डबीत ६ चिकट ठिगळं आणि सँडपेपर. सोल्यूशन नसल्याने ते वाळून बसण्याची भानगड नाही, सुकायची वाटही बघायला नको. रस्त्यात अडकलेल्या अनोळखी सायकलस्वाराला मदत करताना हेच सोयीचं. ट्यूबवरची उभी शीर घासून सपाट करा, धूळ पुसा, ठिगळ दाबा. ट्यूब टायरबाहेर फुगवून तपासायचा मोह टाळा: रबर ताणतं, ठिगळ सुटतं. ओल्या ट्यूबवर तर चिकटतच नाही. टायरमध्ये आतून बोट फिरवून बाभळीचा काटा आधी काढा, नाहीतर दोन किलोमीटरवर पुन्हा तेच. मोठ्या चिरेला ही ठिगळं कुचकामी. सोबत दुतोंडी पंप हवाच: एक तोंड प्रेस्टा म्हणजे बारीक व्हॉल्व्हसाठी, दुसरं श्रेडर म्हणजे मोटारसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हसाठी. साध्या काळ्या सायकलचा वूड्स व्हॉल्व्ह प्रेस्टाच्या तोंडाने भरतो, श्रेडरच्या नाही.