भयकथांचे एक कपाट आणि ते मांडणारे दुकान

मडगावच्या बाजारालगत असलेल्या एका लहान पुस्तकदुकानाने आठ ते बारा वर्षांच्या वाचकांसाठी भुताखेतांच्या नव्या कथा-कादंबऱ्यांचे स्वतंत्र कपाट मांडले आहे. भाचीसाठी पुस्तके निवडताना या दुकानाची जी सेवा अनुभवली, ती बहुतांशी समाधानकारक वाटली. मात्र कपाटाची मराठी बाजू अगदीच कच्ची आहे.

सर्वांत आवडली ती मालकांची विचारण्याची पद्धत. मुलीचे वय किती, इयत्ता कोणती, हे विचारण्याआधी त्यांनी थेट तिलाच प्रश्न केला, ‘‘बाय, गोष्टीत कुत्र्या-मांजराला काही झाले तर चालेल का तुला?’’ ती ठामपणे नाही म्हणाली, आणि त्यांनी हातात घेतलेले एक पुस्तक परत फळीवर ठेवले. ते होते ख्रिश्चन मॅके हायडिकर यांचे ‘स्केअरी स्टोरीज फॉर यंग फॉक्सेस’. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या आणि 2020 मध्ये न्यूबेरी ऑनर हा अमेरिकेतील बालसाहित्याचा सन्मान मिळालेल्या या पुस्तकात कोल्ह्याची पिल्ले रात्री गोष्टी ऐकायला जमतात आणि एकेक गोष्ट संपता संपता घाबरून घरी पळतात. रचना अप्रतिम आहे. पण प्राण्यांचे आजार आणि मृत्यू त्यात कोठेही सौम्य करून सांगितलेले नाहीत. भुताला न भिणारे मूल अशा पानाशी कोलमडू शकते, हे मुखपृष्ठावरील वयोगटाच्या शिक्क्यावरून कधीच कळत नाही.

त्याऐवजी त्यांनी सुचवलेले कॅथरिन आर्डेन यांचे ‘स्मॉल स्पेसेस’ आम्ही घेतले. आई गमावलेली अकरा वर्षांची ऑली, शाळेच्या सहलीहून परतताना धुक्यात बंद पडलेली बस, शेतातली बुजगावणी आणि अंधार पडला की अरुंद जागी लपून राहायचे हा एकच नियम, एवढ्या सामग्रीवर ही 2018 ची कादंबरी उभी आहे. भयकथेत भीतीला नियम असावा लागतो, असे माझे मत आहे. गोव्यातील मुलांना हे वेगळे शिकवावे लागत नाही. गावची राखण करणारा देवचार रात्री फिरून वहाणा झिजवतो म्हणून त्याला नव्या वहाणा वाहायच्या, त्याचा मान चुकवायचा नाही, हे ती घरातच ऐकतात आणि देवचाराला भीत भीत आपला मानतात. नियम असला की मूल डोके चालवू लागते. नियम नसेल तर केवळ दचकत राहते. दुकानात बसून चाळायला हरकत नसल्याने मला ही कसोटी लावता आली. मी पहिल्या प्रकरणाबरोबर शेवटचेही वाचते, कारण संकटातून सुटण्याची युक्ती मुलाला स्वतः सुचली की कोणी मोठे माणूस ऐनवेळी धावून आले, हे तिथेच उघड होते. ऑलीची गोष्ट या परीक्षेत चांगली उतरते. हिचे पुढचे तीन भाग आहेत आणि चार भागांत चार ऋतू येतात, त्यामुळे आवडल्यास वाचन पुढे चालू राहते.

व्हिक्टोरिया श्वाब यांचे ‘सिटी ऑफ घोस्ट्स’ हे त्या मानाने हलके आहे. एडिनबर्गमध्ये घडणाऱ्या या कथेत नायिकेचा जिवलग मित्रच भूत असल्यामुळे, पहिल्यांदाच हा प्रकार वाचणाऱ्या मुलांना ते सोपे जाईल. आर. एल. स्टाइन यांच्या 1992 पासून निघालेल्या ‘गूजबम्प्स’ मालिकेलाही एक फळी दिलेली आहे. तिला नवे म्हणता येणार नाही, तरी प्रत्येक प्रकरण धक्क्यावर तोडण्याचे तिचे तंत्र कंटाळलेल्या वाचकाला पुढे ओढून नेते. आपल्याकडची अनेक मुले चौथीपर्यंत मराठीतून शिकून पाचवीत इंग्रजी माध्यमाकडे वळतात. त्या वर्षी जाडजूड कादंबरीपेक्षा अशी छोट्या प्रकरणांची पुस्तके जास्त उपयोगी पडतात.

मराठी फळीपाशी मात्र निराशा होते. तिथे वेताळाच्या गोष्टींची रूपांतरे आहेत आणि त्यांच्याच शेजारी, केवळ आकाराने लहान म्हणून असावेत, नारायण धारप यांच्या भयकथांचे आणि रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथांचे संग्रह आहेत. मतकरींनी मुलांसाठी ‘अलबत्या गलबत्या’मधली चेटकीण रंगवली हे खरे, पण त्यांच्या गूढकथा मोठ्यांच्या मनातील अपराध आणि वासना यांना हात घालतात. लेखक एकच असला तरी वाचक एक नाही, आणि दुकानदाराने तरी हा भेद राखायला हवा होता. हे लक्षात आणून दिल्यावर मालकांनी ते संग्रह लगेच काढून घेतले. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेली नवी, सलग मराठी भयकादंबरी मात्र त्या फळीवर एकही नव्हती, देवचार किंवा आळवंतीण (बाळंतपणात मेलेल्या बाईचे भूत) असलेली तर नाहीच. हा दोष एकट्या दुकानाचा नव्हे. जे छापले जात नाही ते दुकानदार कोठून ठेवणार?

परदेशी आवृत्त्या महाग पडतात, आणि वाचून झालेले पुस्तक परत घेण्याची सोय इथे नाही. भीतीमुळे मुलाने पुस्तक अर्धवट टाकले तर पैसे वाया जातात, म्हणून एका वेळी एकच घ्यावे. शनिवारी संध्याकाळी गर्दीमुळे मालकांना बोलायला सवड नसते. कामाच्या दिवशी सकाळी, शक्यतो मुलाला बरोबर घेऊन जावे.