बडोद्याच्या अलकापुरीतले इंटरनॅशनल टॅक्सवाले वकील: फी दणदणीत, पण काम चोख

मकरपुरा जीआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, गेल्या वर्षी जर्मन कंपनीला टेक्निकल सर्व्हिसचे पैसे पाठवायचे होते आणि 15सीए-15सीबी (परदेशात पैसे पाठवतानाचे टॅक्सचे फॉर्म) शिवाय बँक हलेना. आधीचे सल्लागार म्हणाले, सरळ 20 टक्के प्लस सेस कापा, विषय संपला. ह्या वकीलसाहेबांनी आधी कॉन्ट्रॅक्टच मागितलं, पेन्सिल घेऊन ओळन् ओळ वाचली आणि "नेट ऑफ टॅक्स" वाल्या क्लॉजला गोल केला, म्हणजे टॅक्स आमच्याच बोडक्यावर, वर ग्रॉसअप, म्हणजे तो टॅक्स रकमेत मिळवून त्या वाढीव रकमेवर टॅक्स! मग भारत-जर्मनी टॅक्स कराराचा 10 टक्के दर लावायचा म्हणून तिकडून टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट (कंपनी तिकडची करदाती असल्याचा दाखला) आणि त्याच्या जोडीचा फॉर्म 10एफ मागवून घेतला. अमेरिका-ब्रिटनच्या करारात सर्व्हिस देणाऱ्याचं तांत्रिक ज्ञान आपल्या हाती आलं का तेही बघतात, नसेल आलं तर ह्या कलमाखाली टॅक्स लागत नाही, जर्मनीच्या करारात ती पळवाट नाही, हे पण नीट समजावलं, तेही आपल्या दांडियाबाजारी मराठीत. 15सीबी सीएनेच दिलं, त्याचे पैसे वेगळे बरं का. साहेब स्वतः फोन उचलत नाहीत, ज्युनियरशीच बोलावं लागतं, आणि पार्किंगचा तर आनंदच आहे. 4 स्टार.