खुंबूच्या वाटेवरची लॉजची जेवणं : एका खानावळवालीचा अभिप्राय

अंबाजोगाईत मी मेडिकलच्या पोरापोरींची खानावळ चालवते. त्यामुळं कुठंही गेले तरी आधी चूल बघते, मग ताट. नेपाळात खुंबू भागातल्या एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या वाटेवर लुक्ल्यापासून गोरक्षेप या शेवटच्या मुक्कामापर्यंत चालून आल्यापासून लोक डोंगराबद्दल भरभरून विचारायलेत, पण जेवणाचा विषय निघाला की ठरलेली दोनच वाक्यं ऐकू येतात. तिकडं मॅगीवर दिवस काढावे लागतात, आणि दर बघून डोळे पांढरे होतात. दोन्ही मला पटत नाहीत, म्हणून हा अभिप्राय फक्त लॉजच्या जेवणाबद्दल लिहिते.

या वाटेवर मुक्काम शेर्पा कुटुंबांच्या लॉजमध्ये असतो. त्यांना टी-हाऊसही म्हणतात. खाली चूल आणि जेवणाची मोठी खोली, वर नाहीतर मागच्या अंगाला प्लायवूडच्या भिंतींच्या खोल्या. खोलीचं भाडं अगदीच कमी असतं, पण रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाष्टा तिथंच घ्यायचा अशी अट असते. बाहेर जेवलात तर भाडं कितीतरी पटीनं वाढतं. आमच्या गटातल्या काहींना हे जाचक वाटलं. मला नाही वाटलं. त्या घराचा सगळा प्रपंच ताटावर चालतो, खाटेवर नाही.

मला सगळ्यात आवडलेलं लॉज खुमजुंगचं. नामचे बाजार 3,440 मीटरवर आहे, तिथून चढ चढून गेलं की 3,790 मीटरवर हे गाव लागतं. आपलं कळसूबाई 1,646 मीटर, यावरून उंचीचा अंदाज घ्या. दगडी गडग्यांनी आखलेली वावरं, त्यात बटाटा आणि बकव्हीट, म्हणजे कुट्टू. एडमंड हिलरींनी 1961 मध्ये बांधून दिलेली शाळा याच गावात आहे. आमचं लॉज शाळेच्या वरच्या अंगाला होतं, आणि चालवणारी बाई साधारण माझ्याच वयाची. तिकडं सगळे अशा बाईला 'दिदी' म्हणतात, मीही तेच म्हणत होते. मी खानावळवाली आहे हे आमच्या गाइडदादानं सांगितल्यावर तिनं मला थेट चुलीपाशी बसवून घेतलं.

त्या स्वयंपाकघराची शिस्त बघून मी थक्क झाले. एका भिंतीला फळ्यांवर तांब्या-पितळेची भांडी ओळीनं, घासूनपुसून ठेवलेली. दाराजवळ पाण्याचा मोठा हंडा. दोन शेगड्या गॅसच्या आणि एक मातीची चूल. चुलीवर सतत पाणी तापत असतं, ते थर्मासांत भरून ठेवायचं आणि थर्मासच्या मापानं विकायचं. शेगडीवर प्रेशर कुकर, कारण त्याच्याशिवाय तिथं डाळ शिजतच नाही. एवढ्या उंचीवर हवेचा दाब कमी, त्यामुळं खुमजुंगला पाणी साधारण 87 अंशांनाच उकळतं, आणि पुढं गोरक्षेपला तर 83 च्या आसपास. आपल्याकडं उघड्या पातेल्यात घोटलेलं वरण होतं, तिथं तेच केलं तर दाणा टणक राहतो आणि गॅस उगाच जळतो. दिदी मसूर आधी भिजवून ठेवायची, कुकरच्या शिट्ट्या मोजायची आणि वाफ आपोआप जिरेपर्यंत झाकणाला हात लावायची नाही. फोडणीत जिरं, लसूण आणि जिंबू नावाची वाळलेली पात. ती पात तुपात पडली की कांदा-लसणाच्या मधला एक वास सुटतो. मी थोडी विकत आणली आहे, पण जपून वापरते.

बटाट्याचं तर काय सांगू! खुंबूत बटाटा एकोणिसाव्या शतकात पोचला आणि तिथल्या लोकांच्या पोटाचा आधार झाला. दिदी कच्चा बटाटा किसून घ्यायची, त्यात थोडं पीठ आणि मीठ घालून तव्यावर हातानं थापायची. कडा सुटल्या की उलटायची आणि वरून लोण्याचा गोळा ठेवून कुटलेल्या मिरचीसोबत वाढायची. याला रिकीकुर म्हणतात. मेनूकार्डावर 'पोटॅटो पॅनकेक' असं लिहिलेलं असतं, त्यामुळं लोक पिझ्झाकडं वळतात. नका वळू. मी नेलेली शेंगदाण्याची चटणी तिला दिली, तिनं ती रिकीकुरवर घालून खाल्ली आणि उरलेली डबीत भरून फळीवर ठेवली. दुसरा पदार्थ श्याक्पा. कणकेचे तुकडे हातानं तोडून बटाटा आणि भाज्यांच्या रश्श्यात शिजवतात. थकून आल्यावर भूक मरते, तेव्हा हा पातळ, गरम, खारा रस्सा बरोबर उतरतो. लोण्याचा खारट चहा मला जमला नाही, ते मात्र प्रामाणिकपणे सांगते.

आता दर. दाल-भाताला नामचेत सात-आठशे नेपाळी रुपये पडतात, गोरक्षेपला हजाराच्या वर. आपले 100 म्हणजे नेपाळी 160, त्या हिशोबानं बघा. एका गावात सगळ्या लॉजचे दर जवळपास सारखेच असतात, ते मिळून ठरवलेले असतात. आमच्यातले एकजण दिदीशी घासाघीस करायला लागले, तेव्हा मला बोलावंच लागलं. लुक्ल्याच्या पुढं चाकाची गाडी नाही. तांदूळ, डाळ, तेल, गॅसचं सिलिंडर, अगदी अंडीसुद्धा माणसाच्या पाठीवर नाहीतर जनावराच्या पाठीवर चढतात. भारवाहकाच्या पाठीला डोको नावाची बांबूची टोपली, कपाळावरून गेलेला तिचा पट्टा म्हणजे नाम्लो, आणि हातात टोक्मा नावाची इंग्रजी टी अक्षरासारखी आखूड काठी. ती टोपलीखाली टेकवून तो उभ्या-उभ्याच दम खातो. नामचेच्या चढावर एकाच्या पाठीवर मी तीन सिलिंडरं बघितली. मला अंबाजोगाईत दारात सिलिंडर मिळतं, तरी महिनाअखेरीला हिशोब जुळवताना नाकी नऊ येतात. त्या चढानंतर मला एकाही ताटाचा दर जास्त वाटला नाही. त्यातही दाल-भात दुसऱ्यांदा वाढून मिळतो, तोही जादा पैशाशिवाय. दुसरा कुठलाच पदार्थ असा मिळत नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की त्या चुलीला जे येतं तेच मागवा. मोठ्या गटात प्रत्येकजण वेगळं मागतो, एकाला चपाती, एकाला पास्ता, एकाला पोहे आहेत का अशी चौकशी. दोन शेगड्यांवर ते सगळं करायचं म्हणजे तासनतास जातात, गॅस जळतो, आणि शेवटच्या माणसाच्या पुढ्यात ताट येतं तेव्हा तो झोपलेला असतो. आम्ही खुमजुंगपासून सगळ्यांचा एकच दाल-भात सांगायला लागलो. संध्याकाळी वहीत ऑर्डर लिहून द्यायची, सकाळच्या नाष्ट्याचीही आदल्या रात्रीच. जेवण गरम आणि वेळेत मिळायला लागलं, आणि दिदीही निवांत बसायला लागली.

दुसरं सांगणं मांसाहाऱ्यांना. शेर्पा बौद्ध आहेत, खुंबूत जनावर मारत नाहीत. मटण-चिकन खालच्या भागातून पाठीवर येतं आणि ते किती दिवस वाटेत होतं हे ताटात बघून कळत नाही. नामचेच्या वर ते टाळाच. खायचंच असेल तर अंडी खा.

नामचेच्या बरंच वर असलेल्या दिंगबोचे गावाला पोचायच्या आधीच झाडं संपतात. सगरमाथा राष्ट्रीय उद्यान 1976 चं, त्यामुळं ओलं झाड तोडायलाही बंदी आहे. तिथं जेवणाच्या खोलीतल्या बुखारीत, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीत, याकचं वाळलेलं शेण जळतं. दगडी भिंतींवर थापून वाळवलेलं ते शेण अगदी आपल्या गोवऱ्यांसारखं दिसतं, धुराचा वासही ओळखीचा. बुखारी संध्याकाळीच पेटवतात. दुपारीच पेटवा म्हणून कुणी मागं लागू नये, एकेक टोपली गोळा करायला त्या बायकांना किती फिरावं लागतं ते मी बघितलं.

सगळीकडं सुख होतं असं नाही. गोरक्षेपला 5,164 मीटरवर एका लॉजमध्ये आम्हाला अर्धी कच्ची डाळ वाढली, वर पाणी घालून पातळ केलेली. गर्दी होती, थंडी होती, पाण्याची टंचाई होती, हे सगळं मान्य. पण त्या उंचीवर आधीच पोट धड नसतं, तिथं कच्ची डाळ म्हणजे माणूस आजारी पाडायचं काम. आमच्यातल्या एकीला रात्रभर त्रास झाला. तिथं संडासातलं पाणीही गोठलेलं होतं. अशा ठिकाणी एकच रात्र काढायची आणि जेवायला लसूण सूप, उकडलेला बटाटा, अंडी मागवायची. लसणानं उंची बाधत नाही असं तिथं सगळे सांगतात. मी सूप गरम आणि चविष्ट म्हणून प्यायले, औषध म्हणून त्यावर विसंबले नाही.

उंचीच्या बाबतीत मी माझ्या खानावळीतल्या पोरांचं ऐकलं. "मावशी, तीन हजार मीटरच्या वर गेलं की झोपायची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं," असं त्यांनी बजावलं होतं. उंची बाधू नये म्हणून घ्यायची डायमॉक्सची गोळीही डॉक्टरांना विचारूनच घेतली. डोकं दुखून उलट्या व्हायला लागल्या किंवा चालताना तोल जायला लागला, तर वर जायचं नाही, खाली उतरायचं. दिंगबोचेजवळच्या फेरिचे गावात हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना 1973 पासून आहे, हंगामात दुपारी तिथं यावर माहिती देतात. ती ऐकाच. खुंदेचं हॉस्पिटल 1966 चं, खुमजुंगला लागूनच.

हातात एक दिवस जादा असेल तर थामेला जा. 2025 पर्यंत एव्हरेस्ट 31 वेळा चढलेल्या कामी रीता शेर्पांचं हे गाव. 16 ऑगस्ट 2024 ला वरची हिमनद्यांच्या पाण्याची तळी फुटून पूर आला आणि गावातली काही घरं, लॉज, शाळा, दवाखाना त्यात गेला. बहुतेक गट बेस कॅम्पच्या घाईत तिकडं वळत नाहीत. मी तिथं फक्त दुपारचं जेवले. साधा दाल-भात, पालेभाजी आणि मुळ्याचं लोणचं होतं, पण आख्ख्या वाटेवरची सगळ्यात चांगली भाजी तीच.

पाचापैकी गुण द्यायचे तर खुमजुंगला पाच, नामचे आणि दिंगबोचेला चार, गोरक्षेपला दोन. शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे घरून न्या, पण धपाटे पहिल्या दोन-तीन दिवसांतच संपवा. पुढं थंडीनं ते कडक होतात आणि दात लागत नाही. चटणी शेवटपर्यंत टिकते. पाण्याची बाटली धातूची घ्या, रात्री उकळतं पाणी भरून पांघरुणात घेता येतं आणि सकाळी तेच पिता येतं. नामचेच्या पुढं एटीएम नाही, तेव्हा जेवणाचे सगळे पैसे तिथंच काढून रोख ठेवा. हिशोब लॉज सोडताना एकदम होतो, वही शेजारी बसून वाचून घ्या. दिदी प्रत्येक चहा तारखेसकट लिहून ठेवते.