चोणकासाठी घेतलेलं सहा हजारी रील: पावसाळ्यानंतरपासून मेपर्यंतचा अनुभव

चोणक म्हणजे जिताडा, आणि सहा हजारी हा रीलचा (लाइन गुंडाळायच्या चक्राचा) आकार, किंमत नव्हे. रीलची बाकी माहिती इथं देत नाही. दहा फुटी रॉड, पीई २ जाडीची ब्रेडेड (विणलेली) लाइन, पुढे ५० पौंडी फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे ल्यूरजवळचा दणकट धागा. पावसाळा सरताच घेतलं, किंमत ७,२०० रुपये. त्यानंतर गोव्यातलं केरी, बेतूल आणि सुरुवातीला थोडं मांद्रे, सगळं रात्रीचंच गरवणं. मला लिहायचंय ते मुख्यतः लाइन रोलरबद्दल, म्हणजे बेलच्या (लाइन रीलवर घेणाऱ्या तारेच्या कमानीच्या) टोकाला असलेल्या त्या इवल्याशा चाकाबद्दल.

दिवसा मासे मारणाऱ्याला हा विषय एवढा महत्त्वाचा वाटणार नाही. रात्री वाटतो. केरीला ओहोटी लागली की तेरेखोल नदीचं पाणी वाळूच्या दांड्याला घासत बाहेर पडतं, आणि बारीक मासळी त्या ओढीत सापडते म्हणून चोणक कडेला दबा धरून असतो. ल्यूर (नकली मासा) ओढीबरोबर वळवत सावकाश आणायचं. अंधारात लाइन दिसत नाही, चावा, शेवाळ, वाळू सगळं बोटाला कळतं. रोलर अडकला की आधी हे कळणंच बंद होतं.

माझ्या रीलचा रोलर दिवाळीनंतर महिन्याभरातच कुरकुरायला लागला. लाटांच्या आवाजात ते ऐकूही येत नव्हतं, घरी आल्यावर कळलं. मग फिरायचाच थांबला. लाइन त्याच्यावरून काटकोनात वळते, माशाची सगळी ओढ तिथंच येते. चाक फिरलं नाही तर लाइन घासते आणि तिला पीळ पडतो. पीळ पडलेली ब्रेडेड लाइन रात्री फेकली की रॉडच्या पहिल्याच कडीत गाठ अडकते, लाइन तुटते आणि ल्यूर एकटंच समुद्रात जातं. साडेतीनशे-चारशे रुपयांचं एकेक ल्यूर असं गेलं की रात्रभर तेच डोक्यात राहतं.

वॉरंटी वर्षभराची, म्हणून सर्व्हिस सेंटरला पाठवलं. कुरिअरचा खर्च माझा. तीन-चार आठवडे फोन करकरून उत्तर मिळालं की खाऱ्या पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरात 'सॉल्टवॉटर' छापलंय! त्याचा फोटो पाठवला, दर वेळी गोड्या पाण्याने धुतो हे सांगितलं, काही उपयोग नाही. रोलरच्या आतलं नुसतं बेअरिंग देत नाहीत, बेल आर्मसकट अख्खा सेट घ्या म्हणाले, १,८५० रुपये. मी नकार दिला तसं रील न उघडताच परत आलं, तो कुरिअरही माझ्याच माथी. एवढ्याशा भागासाठी गिऱ्हाइकाकडून रीलच्या चौथाई किमतीएवढे पैसे मागणं मला अजिबात पटलेलं नाही.

केरीला नेहमी भेटणारे एक काका आहेत, साठी ओलांडलेले. त्यांनी रील हातात घेतलं, हँडल दोनदा फिरवलं आणि म्हणाले, "रील बरें आसा रे, रोलर पळय." (रील चांगलं आहे, रोलर बघ.) दुसऱ्या दिवशी घरी उघडला. एकच स्क्रू आहे, पण आतले वायसर कुठल्या क्रमाने बसतात त्याचा आधी मोबाइलवर फोटो काढा. बेअरिंगच्या जागी तांबूस चिखल आणि कडेला मिठाचे पांढरे खडे. कॅलिपरने मापलं: आतला व्यास ४ मिमी, बाहेरचा ७, जाडी २.५. म्हापशात बेअरिंगच्या दुकानात याच मापाचं स्टेनलेस, दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं मिळालं. दोन नग १८० रुपयांना. बसवताना तेल न घालता मरीन ग्रीस चांगलं ठासून भरलं. बोटाने फिरवलं तर चाक जरा जड वाटतं, पण लाइनला ताण आला की व्यवस्थित फिरतं.

इथपर्यंतचा मजकूर मार्चमध्ये लिहून ठेवला होता आणि शेवटी 'घेऊ नका' असं लिहिलं होतं. ते आता काढून टाकलंय, कारण बेतूलची रात्र.

साळ नदीच्या मुखाशी, अमावस्येच्या उधाणाची भरती उतरताना चोणक लागला. चोणक सरळ ओढत नाही. उडी मारतो, हवेत डोकं झटकतो, मग पाठ फिरवून धावतो. ड्रॅगने, म्हणजे माशाच्या ओढीला लाइन सोडत जाणाऱ्या रीलच्या ब्रेकने, एकदाही झटका दिला नाही, सुरुवातीची ओढ आणि मधली ओढ सारखी. मासा जवळ आल्यावर टॉर्चमध्ये डोळे लालभडक चमकले. चार किलोच्या वर भरला. त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची धार लीडरला लागून लीडर निम्मा कापला गेला होता, म्हणजे ड्रॅग जरा जरी अडखळला असता तर मासा गेलाच होता. या किमतीत असा ड्रॅग मी दुसऱ्या रीलमध्ये पाहिलेला नाही आणि हे मनापासून सांगतो.

धुण्याबद्दल: ड्रॅग घट्ट करा, मग गोड्या पाण्याचा हलका फवारा. नळीचा जोरदार मारा केला तर मीठ आणखी आत जातं. बादलीत बुडवू नका. वाळल्यावर ड्रॅग सैल करून ठेवा. रोलर महिन्यातून एकदा उघडा, पण घरी. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथं ऑलिव्ह रिडली कासवं थंडीत अंडी घालायला येतात. पांढऱ्या उजेडाने मादी पाण्यातूनच परत फिरते, पिल्लं समुद्राऐवजी उजेडाकडे चालू लागतात. तिथं टॉर्च लावून रील दुरुस्त करत बसू नये. मी तर नोव्हेंबरपासून मांद्रे बंदच करतो.

रील घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण त्याच आठवड्यात बेअरिंगही घ्या आणि रील समुद्रावर नेण्याआधी बदला. ड्रॅगला पाच तारे, रोलरला एक, सर्व्हिसला एकही नाही. ते बेअरिंग सुटं विका असं कंपनीला दोनदा लिहिलंय. उत्तर आलं तर इथंच कळवीन.