गोठ्याच्या भिंतीतला लोणा आणि दहा वर्षांची हमी

दोन सुयांचे ओलमापक यंत्र भिंतीला टेकवून, दिवा लाल होताच ‘जमिनीतून पाणी चढते आहे’ असे जागेवर सांगणाऱ्या आणि त्याच बैठकीत कामाचा दरही सांगून टाकणाऱ्या माणसाच्या हाती घराची भिंत देऊ नये, एवढ्यासाठी हा अनुभव लिहीत आहे. आमचे सुमारे पाऊण लाख रुपये गेले आणि भिंत पूर्वीपेक्षा वाईट झाली.

रत्नागिरी जिल्ह्यात खाडीलगत आमचे वडिलोपार्जित घर आहे. गुरे गेल्यानंतर रिकाम्या पडलेल्या गोठ्याची आम्ही राहण्याची खोली केली. भिंती चिऱ्याच्या, सुमारे पंधरा इंच जाडीच्या आणि मातीत रचलेल्या आहेत. आतला जुना चुन्याचा गिलावा काढून तेथे सिमेंटचा गिलावा केला होता व त्यावर प्लास्टिक पेंट लावला होता. पुढच्याच पावसाळ्यात कमरेखालच्या भागात रंगाला पोपडे आले आणि त्यांखालून क्षारांची पांढरी भुकटी, म्हणजे लोणा, गळू लागली. ओल कायमची घालवून देण्याचा दावा करणाऱ्या एका कंपनीचा प्रतिनिधी ‘मोफत पाहणी’साठी आला, तो या पार्श्वभूमीवर.

त्याच्या यंत्राबद्दल आधी सांगितले पाहिजे, कारण सगळा व्यवहार त्या यंत्रावर उभा होता. हे यंत्र पाणी मोजत नाही. दोन सुयांमधून वीज किती सहज वाहते तेवढेच ते पाहते, आणि क्षार असलेल्या भिंतीत थोड्याशा दमटपणातही ती सहज वाहते. मूळ उपकरण लाकडासाठी उत्तम आहे. लोणा लागलेल्या भिंतीवर मात्र त्याचा दिवा जवळजवळ नेहमीच लाल होणार, हे विकणाऱ्याला पक्के ठाऊक असते. प्रतिनिधीने भिंतीचा नमुना घेतला नाही, बाहेरच्या अंगणाची पातळी पाहिली नाही, पागोळ्यांचे पाणी कोठे पडते तेही विचारले नाही. जोत्यालगत भोके पाडून त्यांत रसायन भरायचे, वर ‘वॉटरप्रूफ’ गिलावा करायचा आणि शेवटी लेप द्यायचा, असा उपाय त्याने सांगितला आणि दहा वर्षांची हमी देऊ केली.

काम मे महिन्यात झाले. भोके जेमतेम दोन इंच खोल पाडली गेली आणि लेबल नसलेल्या कॅनमधले दुधासारखे पातळ द्रव त्यांत ओतले गेले. असे रसायन भिंतीच्या जवळजवळ पूर्ण जाडीपर्यंत पोहोचून सलग पट्टा तयार झाला तरच काही उपयोग होण्याची शक्यता असते, आणि मातीत रचलेल्या ओबडधोबड चिऱ्यात तसा पट्टा होणे मुळातच कठीण असते. गिलाव्यासाठी आणलेली वाळू खाडीतली, न धुतलेली होती. म्हणजे आधीच क्षाराने भरलेल्या भिंतीवर आणखी मीठ थापले गेले. काम आटोपल्यावर प्रतिनिधीने पुन्हा यंत्र लावले व दिवा हिरवा झाल्याचे दाखवले. तो हिरवा होणारच होता, कारण त्या सुया आता कोरड्या लेपावर टेकल्या होत्या. ‘महिनाअखेर हिशेब बंद करायचा आहे’ या सबबीखाली उरलेली सगळी रक्कम पाऊस सुरू होण्यापूर्वीच वसूल करण्यात आली.

जुलैत लेपावर पाण्याचे थेंब जमू लागले, आणि ओलीची रेषा उपचार केलेल्या पट्ट्याच्याही वर सरकली, कारण बाहेर पडू न शकणारी ओल जिथे वाट मिळेल तिथून निघते. कंपनीचे उत्तर असे होते की ही हवेतील ओल आहे आणि ती हमीत बसत नाही. हमीपत्रातील बारीक इंग्रजी अक्षरांत रंग, गिलावा, हवेतील दमटपणा आणि बाहेरून येणारे पाणी अशी सगळी वगळणूक होती. पावती वेगळ्याच नावाची आणि कच्ची होती.

बांधकामाचा विषय शिकवून निवृत्त झालेल्या एका परिचित प्राध्यापकांनी त्यानंतर साध्या पद्धतीने तपासणी केली. ड्रिलने पृष्ठभागावरची, दोन इंच आतली आणि मध्यापर्यंतची भुकटी वेगवेगळ्या बंद पिशव्यांत घेऊन ती वाळवण्यापूर्वी व नंतर तोलली. पृष्ठभाग सर्वांत ओला आणि आतला गाभा बराच कोरडा निघाला. पाणी प्रामुख्याने जमिनीतून चढत असते, तर याच्या उलट दिसले असते. भुकटी ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळून, त्या पाण्यात नायट्रिक आम्ल आणि सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकताच दह्यासारखा पांढरा साका आला, म्हणजे क्लोराइड भरपूर होते. नायट्रेट तपासण्याची पट्टीही गडद झाली, आणि त्याचे कारण घरातल्या कोणालाही सांगता आले असते: दोन पिढ्यांचे गोमूत्र त्या चिऱ्यात मुरलेले होते. पूर्वी दारूगोळ्यासाठी लागणारा सोरा, म्हणजे नायट्रेटचाच क्षार, अशाच गोठ्यांच्या आणि गावठाणाच्या मातीतून काढत असत. हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतले पाणी ओढून विरघळते, कॅल्शियम नायट्रेट तर त्याहून बऱ्याच कमी आर्द्रतेत, आणि कोकणातला पावसाळा या मर्यादेच्या पुष्कळ वर असतो. हवा कोरडी झाली की तेच क्षार स्फटिक होऊन रंग आणि गिलावा फोडतात. कंपनीने हवेतील ओल म्हटले ते अर्धे खरे होते. ती ओल भिंतीतले क्षार हवेतून ओढून घेत होते, आणि क्षारांची तपासणी कंपनीने केलीच नव्हती.

आता सिमेंटचा गिलावा ओलीच्या रेषेच्या हातभर वरपर्यंत काढला आहे. भुकटी पाण्याने धुतली की क्षार पुन्हा आत जातात, म्हणून ती कोरड्या ब्रशने झाडून घराबाहेर टाकतो. कोरड्या महिन्यांत कागदाचा ओला लगदा भिंतीवर थापून, वाळल्यावर काढून क्षार खेचायचे आणि मग चुन्याचा गिलावा करायचा, जो काही वर्षांनी बदलावा लागेल हे गृहीत धरूनच. एवढा क्षार काढणे शक्य नसेल, तर उंचवटे असलेले प्लास्टिकचे पत्रे लावून भिंत आणि नवा गिलावा यांच्यात हवेची पोकळी ठेवणे हा प्रामाणिक उपाय आहे. त्याने भिंत बरी होत नाही, पण खोली तिच्यापासून वेगळी राहते. अंगणाची मातीही जोत्याखाली उतरवली.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीची तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते, आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मार्गदर्शन मिळते. आम्ही तक्रार केली आहे. असे काम देताना क्षारांचा अहवाल आणि भोकांची खोली लेखी मागावी, पक्के बिल घ्यावे आणि रकमेचा मोठा भाग एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत हाती ठेवावा. काम चालू असताना फोटोही काढावेत. आमच्या तक्रारीत भोकात मोजपट्टी घालून काढलेले फोटो सर्वांत उपयोगी पडत आहेत, कारण हमीपत्रात काहीही लिहिलेले असले तरी पंधरा इंचांच्या भिंतीतले दोन इंचांचे भोक कंपनीला नाकारता येत नाही.