शाळेतील योगवर्ग की वचनाधारित व्यायाम?

अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या एका परंपरानिष्ठ ख्रिस्ती पालकांना मुलीसाठी शाळेतील योगवर्ग निवडावा की बायबलच्या वचनांशी जोडलेला खाजगी व्यायामवर्ग, असा प्रश्न पडला होता. तेथील सरकारी शाळांत १९९३ पासून योगावर बंदी होती. २०२१ च्या कायद्याने स्थानिक शाळा मंडळांना योग शिकवण्याची मुभा देताना मंत्र आणि ‘नमस्ते’ वर्ज्य ठरवले, आसनांना इंग्रजी नावे सक्तीची केली आणि पालकांची लेखी संमती आवश्यक ठेवली. (धर्मशास्त्राचा निवाडा आमदारांनीच करून टाकला म्हणायचा!) व्यायाम म्हणून दोन्हींत फारसे अंतर नाही. श्रद्धेच्या कसोटीवर मात्र, आसन हीच उपासना असे मानणाऱ्याचे समाधान नाव बदलून होणार नाही आणि वचनवर्गातील तशाच हालचालीही त्याला खटकतील. त्याने साधी कवायत निवडावी. केवळ लवचीकता हवी असल्यास शाळेचा वर्ग पुरेसा आहे, व्यायामातच प्रार्थना हवी असल्यास वचनवर्ग बरा.