उतारावरच्या परसाला बांध: सिमेंटमधला चिरा की कोरडा गडगा?

उतारावर घर असलं की परसात टप्पे पाडावेच लागतात, नाहीतर पहिल्या चार पावसांत माती खालच्या घराच्या अंगणात जाते. प्रश्न असतो तो टप्प्याची कड कशाने धरायची याचा. आमचं घर संगमेश्वर तालुक्यात आहे आणि मागच्या चढावर मी दोन्ही प्रकार करून बसलो आहे. खालचे दोन टप्पे सिमेंटमध्ये बांधलेल्या जांभ्या चिऱ्याचे, वरचे तीन कोरड्या गडग्याचे, म्हणजे सिमेंट न घालता नुसते दगडावर दगड रचलेल्या बांधाचे.

प्लास्टिकच्या पट्ट्या, आडव्या विटा किंवा मातीत उभी रोवलेली जुनी मंगळुरी कौलं यांचा विचार फुलांच्या वाफ्यापुरता करावा. वीतभर मातीला त्या पुरतात. त्यावर उंची गेली की तो भार त्यांचा नाही.

चिऱ्याचा बांध देखणा होतो, यात वाद नाही. सरळ रेघेत, दरजा भरलेला, वर संध्याकाळी बसायला जागा. गवंडी मिळतो आणि काम ठरल्या दिवसांत उरकतं. जागाही कमी लागते. माझा गडगा तळाशी दोन फूट रुंद आहे, चिऱ्याचा बांध त्याच्या निम्म्यात बसला. परस लहान असेल तर ही गोष्ट साधी नाही.

तरीही माझं मन फिरलं ते पाण्यामुळे. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. सिमेंटच्या बांधातून पाणी जायला नळ्या ठेवाव्या लागतात. आम्ही दर पाच फुटांवर दोन इंची पाइप ठेवला, मागे खडीही भरली. पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या जुलैत तांबड्या मातीचा गाळ खडीत उतरला आणि नळ्या एकेक करून बुजल्या. मग रोजचं काम झालं: भर पावसात सळी घेऊन जायचं, प्रत्येक नळीत खुपसायची. आधी घट्ट लाल पाणी थेंब थेंब यायचं आणि मग एकदम जोराची धार सुटायची. ती धार जिथे पडायची तिथे खालच्या टप्प्यावर वीतभर खड्डा. त्या पावसात बांधाच्या वरच्या अंगाची हळद साचलेल्या पाण्यात कुजली, गड्डा दाबला तर बोट आत जात होतं. खालच्या अंगाची हळद धारेने उघडी पडली. एकाच बांधाच्या दोन्ही बाजूंना नुकसान.

खडी आणि माती यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइलचं कापड घातलं असतं तर गाळ बराच अडला असता, हे मान्य. तुम्ही चिराच लावणार असाल तर ते जरूर घाला. पण सगळ्या टप्प्याचं पाणी मोजक्या तोंडांतूनच बाहेर पडणार, हे कापडाने बदलत नाही.

गडग्याला तोंडंच नसतात. मुसळधार पावसात त्याच्यासमोर उभं राहून पाहा. प्रत्येक फटीतून थोडं थोडं पाणी येतं, दगडाला धरून खाली उतरतं आणि पायथ्याशी नुसती ओल दिसते. वरच्या टप्प्यांवर सळी घेऊन मी आजवर गेलेलो नाही.

गडगा बिघडत नाही असं मात्र म्हणणार नाही. मधल्या गडग्याला तिसऱ्या वर्षी पोट आलं. वाडीतल्या आबांना दाखवलं तर ते हात लावून म्हणाले, “दगड मातीवर बसवलात. दगड दगडावर बसायला हवा.” खरंच होतं, घाईत फटींमध्ये माती दाबली होती. चार फुटांचा तेवढा भाग उतरवला आणि तेच दगड त्याच दिवशी पुन्हा रचले. खालच्या बांधाला तडा गेला तेव्हा मात्र गवंड्याची वाट पाहण्यात महिना गेला.

रचताना आबांनी सांगितलेलं आता मी जपतो. पाया घट्ट जमिनीपर्यंत खणायचा, मोठे दगड तळाला. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. फूटभर उंचीला दोन इंच या हिशेबाने गडगा चढाकडे कलता ठेवायचा. मधून मधून लांब दगड आत भरावापर्यंत घुसवायचा. मागे वीतभर बारीक दगड, मगच माती. वरच्या कडेपासून फूटभर आत वाळ्याची रांग लावायची, सहा इंचांवर एक ठोंब, पहिला पाऊस पडून गेल्यावर. वाळ्याची मुळं आडवी न पसरता सरळ खाली जातात, त्यामुळे शेजारच्या पिकाला त्रास होत नाही. खाली कातळ लागला तर ती फार खोल जाणार नाहीत, तेवढं लक्षात ठेवा.

एक शंका रास्त आहे: फटींमध्ये साप-विंचू. घरात लहान मुलं असतील तर दाराजवळचा टप्पा चिऱ्याचाच करा. पायथ्याचं गवत काढलेलं ठेवलं की दिसतं तरी. घराच्या जोत्यालगत, गाडी उभी राहते तिथे, किंवा बांध कंबरेपेक्षा उंच जाणार असेल तिथे मी स्वतःही गडगा घालणार नाही, इंजिनीअरला विचारूनच पक्कं बांधकाम करीन.

गडगा घालणारे हात कमी होत चालले आहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कोरड्या दगडी बांधकामाची अशीच कला युरोपातही आहे आणि 2018 साली युनेस्कोने तिथल्या आठ देशांच्या नावे ती अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. आपल्याकडे वाडीत अजून एखादे आबा असतील तर बांध घालून घेताना त्यांच्याजवळ उभे राहा, दोन दगड स्वतः लावून पाहा.

तुमच्या परसाची माती, उतार वेगळा असेल, तेव्हा निर्णय तुमचाच. मी दिवाळीनंतर खालच्या बांधाचा मधला, नळ्यांचा भाग उतरवणार आहे. चिरे अख्खे निघाले तर तेच कोरडे रचायचे, फुटले तर ते तुकडे मागच्या भरावाला.